मुंबईच्या बालवर्गात पानगळ: पहिल्यांदाच करणाऱ्या ताईंसाठी

सप्टेंबर संपत आला की बऱ्याच बालवर्गांच्या भिंतींवर मेपलची पानं चढतात. नारिंगी, पाच टोकांची, इंटरनेटवरून छापून घेतलेली. मुंबईत मेपल नाही आणि ऑक्टोबरात पानगळही नाही. पावसाळा नुकताच सरलेला असतो, झाडं गच्च हिरवी असतात आणि वर ऑक्टोबरचं ऊन तापत असतं. खिडकीबाहेर एक आणि भिंतीवर दुसरंच, असं असेल तर चार वर्षांचं मूल भिंतीवरचं सोडून देतं. त्यात त्याचं काही चुकत नाही.

आपल्याकडची पानगळ साधारण जानेवारीत सुरू होते आणि मार्चअखेरपर्यंत चालते. शाळेच्या दृष्टीने हे सोयीचंच आहे. स्नेहसंमेलन उरकलेलं असतं, मुलं वर्गात रुळलेली असतात आणि परीक्षेची घाई या वयाला नसते. पुढे सांगितलेलं सगळं या तीन महिन्यांसाठी आहे. साहित्याचा खर्च जवळजवळ नाही. खर्च होतो तो तुमच्या आधीच्या तयारीचा.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, ते पुढे कोसबाडला नेलं. महागड्या साधनांऐवजी आसपास मिळणारी पानं, बिया, शिंपले, खडे यांतून शिकवायची त्यांची रीत होती. आज आपण 'थीम' म्हणून जे करतो त्याचं मूळ इतकं जवळ आहे, म्हणून मेपल शोधत बसू नये.

आधी कारण नीट समजून घ्या

मुलं विचारणारच, पानं का पडतात? 'थंडी पडते म्हणून' हे उत्तर मुंबईत देऊ नका. जानेवारीत दुपारी वर्गात पंखा लागतो हे मुलांना दिसतंच. इथे पाऊस जून ते सप्टेंबर पडतो, नंतरचे महिने कोरडे जातात. पानांतून पाण्याची वाफ सतत बाहेर जात असते. जमिनीतलं पाणी कमी होत गेलं की काही झाडं पानंच टाकून देतात, म्हणजे पाणी वाचतं. मुलांसाठी एवढंच पुरे: 'काही झाडांना पाणी कमी पडतं, म्हणून ती जुनी पानं सोडून देतात. नवी पालवी मग येते.'

'काही झाडं' हे शब्द गाळू नका. आंबा, फणस, जांभूळ ही झाडं बोडकी होत नाहीत. त्यांची जुनी पानं वर्षभर थोडी थोडी पडत राहतात. शाळेच्या दारात आंबा असेल तर कोणीतरी लगेच 'आपलं झाड तर हिरवंच आहे' म्हणेल, आणि ते खरं आहे.

रंगाबद्दल विचारलं तर: हिरवं रंगद्रव्य झाड मोडून परत आत घेतं, तेव्हा खाली दडलेला पिवळा दिसू लागतो. लाल रंग मात्र काही झाडं त्या वेळी नव्याने तयार करतात. मोठ्या शिशू वर्गाला हे सांगता येतं, छोट्या शिशू वर्गाला नको.

कुठलं झाड, कधी

मुंबईतला हुकमी एक्का म्हणजे देशी बदाम. सोसायटीच्या आवारात, शाळेच्या मैदानात, रस्त्याच्या कडेला, कुठेही असतो. जानेवारी-फेब्रुवारीत त्याची पानं पिवळी, नारिंगी, तांबडी, गडद लाल होऊन पडतात. एकाच झाडाखाली सगळ्या छटा मिळतात. पान मोठं असतं, मुलाच्या हातात भरतं, सहज फाटत नाही. पहिल्यांदाच करत असाल तर फक्त बदामावर एक आठवडा काढा, दुसरं काही लागणार नाही.

त्यानंतर पिंपळ, फेब्रुवारी-मार्चमध्ये. पान पातळ, शिरा स्पष्ट, टोक लांब शेपटासारखं निघालेलं. छाप घ्यायला याहून चांगलं पान नाही. पडल्यावर काही दिवसांतच तांबूस कोवळी पालवी येते, ती दाखवायला विसरू नका. जुनं पान आणि नवं पान शेजारी शेजारी ठेवता येणारी ही जागा फार मोलाची आहे.

पर्जन्यवृक्ष आणि गुलमोहर यांची पानं बारीक पर्णिकांची, म्हणजे एकाच देठावरच्या छोट्या छोट्या भागांची. जमिनीवर भुगा पडल्यासारखा दिसतो, उचलायला मुलांना आवडतो, पण चिकटकामाला वैताग. देवचाफा हिवाळ्यात पानं टाकतो आणि त्याच्या जाड, बोडक्या फांद्या चित्र काढायला उत्तम, पण त्याला पांढरा चीक असतो. सावर आणि पांगारा आसपास असतील तर तेही याच दिवसांत निष्पर्ण होतात आणि बोडक्या फांद्यांवर लाल फुलं येतात.

पानगळीबाहेरचे दोन प्रसंग लक्षात असू द्या. दसऱ्याला आपटा असतोच. बाजारात त्याच्या नावाने कांचन सर्रास विकला जातो. दोन्ही पानं मधोमध दुभंगलेली. आपट्याचं लहान, जाडसर आणि लांबीपेक्षा रुंदीला जास्त असतं, कांचनचं मोठं. वर्गासाठी जुडगे विकत घेऊ नका, एक डहाळी पुरते. आणि गणपतीत घरोघरी पत्री येते, ती मुलांच्या हाताळणीसाठी वर्गात आणू नका. एकवीस पत्रींत धोतरा, रुई आणि कण्हेरही असते, आणि तिन्ही विषारी आहेत.

काय हातात द्यायचं नाही

ही यादी मदतनीस मावशींनाही दाखवा, कारण फेरीच्या वेळी निम्मी मुलं त्यांच्याकडे असतात.

कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, धोतरा, एरंड: अजिबात नाही. रुई आणि शेराचा चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते. इमारतींच्या लॉबीत कुंडीतून दिसणारं, मोठ्या हिरव्या पानांवर पांढरट ठिपके असलेलं डिफेनबेकिया चावलं तर तोंडाची आग होते, जीभ सुजते. वड, पिंपळ, फणस, चाफा यांचा चीक तितका धोक्याचा नाही, पण कातडीला खाज येऊ शकते आणि गणवेशावरचा डाग जात नाही. सुकून पडलेल्या पानात ही अडचण जवळजवळ राहत नाही. म्हणून पानं झाडावरून तोडू नका, खाली पडलेलीच घ्या. हा नियम असा सुरक्षेसाठीही आहे.

पानांच्या मागे सुरवंट आहे का, आंब्याच्या गुंडाळलेल्या पानांत लाल मुंग्या आहेत का, हे पिशवीत टाकण्याआधी बघा. न ओळखलेलं पान घ्यायचं नाही. 'हे आपल्याला माहीत नाही, म्हणून ठेवून देऊ' असं मुलांसमोर म्हणायला हरकत नाही.

आणि राष्ट्रीय उद्यानात सहल असेल तर तिथून काहीही उचलायचं नाही, पडलेलं पानसुद्धा. बघायचं, हात लावायचा, तिथेच ठेवायचं.

पानफेरी

मुंबईत पहिली अडचण झाडांची नसून झाडूची असते. सफाई कामगार पहाटे रस्ता झाडून जातात, सोसायटीचं आवार सकाळी आठच्या आत लख्ख होतं. नऊ वाजता पंचवीस मुलं घेऊन जाल तर सिमेंट बघून परत याल. म्हणून आदल्या दिवशी जाऊन वॉचमन किंवा झाडणाऱ्या काकांना सांगा: 'उद्या बदामाखालचं दहापर्यंत राहू द्या.' बहुतेक जण आनंदाने ठेवतात. नाहीच जमलं तर एक गोणी भरून ठेवायला सांगा आणि तीच नऊला झाडाखाली रिकामी करा. मुलांना काही फरक पडत नाही.

आदल्या दिवशीच जागा पायाखाली घाला. काचा, सळया, उघडी गटाराची झाकणं, कुत्र्या-मांजरांची घाण, पानाच्या पिचकाऱ्या. झाडाभोवतीच्या कट्ट्यापाशी हे सगळं एकत्र असतं.

मग असं करा:

१. मुलांचे दोन गट. दहा-बारा मुलांमागे दोन मोठी माणसं. एक गट बाहेर असताना दुसरा वर्गात. सगळ्यांना एकदम नेलं की अर्धा वेळ रांग लावण्यात जातो.

२. प्रत्येकाला कापडी किंवा कागदी पिशवी. प्लास्टिकच्या पिशवीत पानं घामेजतात आणि दुपारपर्यंत चिकट होतात.

३. एकच सूचना: 'खाली पडलेली पाच पानं.' आकडा सांगितला नाही तर कोणी पिशवी ठासून भरतं, कोणी एकच घेऊन बसतं. छोट्या शिशूला तीन पुरेत.

४. पंधरा ते वीस मिनिटं. त्याहून जास्त ठेवलं की पानं सुटतात आणि पळापळी सुरू होते.

५. परत आल्यावर आधी साबणाने हात. पानं पाण्याच्या बादलीत बुडवून काढायची, वर्तमानपत्रावर पसरायची, पंख्याखाली अर्धा तास. धुण्याचं काम मुलांनाच द्या, त्यांना यातच सगळ्यात मजा येते.

शाळेला आवार नसेल, आसपास झाडही नसेल, तर पालकांना निरोप धाडा. मात्र नुसतं 'पानं पाठवा' लिहिलं तर दुसऱ्या दिवशी ताजी तोडलेली, एकाच कुंडीतली पंचवीस हिरवी पानं येतात. निरोप असा हवा: 'घराजवळ खाली पडलेलं, मुलाच्या तळहाताएवढं किंवा मोठं, एकच पान. मुलाने स्वतः उचललेलं. कण्हेर, रुई, धोतरा नको.' चाळीत, झोपडपट्टीत राहणाऱ्या मुलांना झाड सापडत नाही. त्यांना तुळशीचं गळलेलं पान, कढीपत्त्याची काडी, कोथिंबिरीतलं पिवळं पान चालेल असं आधीच कळवा, म्हणजे रिकाम्या हाताने कोणी येणार नाही.

वर्गीकरण त्याच दिवशी

रंगाचं काम पुढच्या आठवड्यावर टाकू नका. बदामाचा लाल दोन-तीन दिवसांतच मळकट होऊ लागतो आणि मग सगळी पानं तपकिरी दिसतात.

जमिनीवर सुतळीची दोन वर्तुळं करा. सुरुवातीला निकष सांगू नका. 'ही पानं दोन घरांत ठेवूया, कोण कुठे राहील?' एवढंच. कोणी लाल-पिवळं करेल, कोणी लहान-मोठं, कोणी 'माझं आणि त्याचं' करेल. तिन्ही चालतात. मुलाने का ठेवलं ते विचारा आणि त्याचे शब्द तसेच कागदावर लिहा. दुसऱ्या फेरीत तुम्ही निकष द्या.

स्पर्शाचा निकष सगळ्यात कमी वापरला जातो आणि सगळ्यात चांगला चालतो. पारिजातकाचं पान हाताला खरखरीत लागतं, फणसाचं गुळगुळीत आणि जाड, पिंपळाचं कागदासारखं पातळ. तीन पानं कापडी पिशवीत घाला, हात घालून ओळखायला सांगा. डोळे बांधू नका. तीन-चार वर्षांची मुलं डोळे बांधले की घाबरतात.

एक अडचण इथे येतेच. कडुनिंबाची किंवा गुलमोहराची काडी हातात घेऊन मूल विचारतं, हे एक पान की खूप? शास्त्राने ते एक संयुक्त पान आहे, बारीक भाग या त्याच्या पर्णिका. छोट्या शिशूत हा वाद काढू नका, तो ज्याला पान म्हणतो ते पान. मोठ्या शिशूला झाडावर जाऊन दाखवता येतं: पानाचा देठ फांदीला जिथे मिळतो तिथे, देठाच्या बगलेत, बारीक कळी असते. पर्णिकेच्या बुडाशी ती नसते. भिंग असेल तर घेऊन जा.

मोजणं आणि मापणं

लहानाकडून मोठ्याकडे लावायला तीन पानांपासून सुरुवात करा. जमलं की पाच. मोठ्या शिशूला सात. मुलं टोकाकडे बघतात, बुडाकडे नाही, त्यामुळे क्रम बिघडतो. चटईची कडा किंवा खडूची एक रेघ द्या आणि 'सगळ्यांचे देठ रेघेवर' म्हणा. एवढ्यानेच निम्म्या चुका थांबतात. देठ लांब असलेल्या पानांत (पिंपळ) देठ मोजायचा की नाही हे आधी ठरवून सांगा, नाहीतर दोन मुलांची दोन उत्तरं येतात आणि दोन्ही बरोबर असतात.

लांबी मोजायला पट्टी नको. एकाच मापाची बाटलीची झाकणं ओळीने मांडायची: 'बदामाचं पान सात झाकणं.' चिंचोके सुचतील, पण ते नाकात जातात. मणी, वाटाणे यांचंही तसंच.

आलेखासाठी वर्गातल्या लाद्या वापरा. एका लादीवर एकच पान. एका रांगेत लाल, दुसऱ्या रांगेत पिवळी, तिसऱ्या रांगेत तपकिरी. लाद्यांचं बंधन न घालता पानं नुसती एकाखाली एक मांडली तर मोठी चार लाल पानं लहान सहा पिवळ्या पानांपेक्षा लांब रांग करतात आणि मुलं 'लाल जास्त' म्हणतात. डोळ्यांना ते तसंच दिसतं, म्हणून मुलाला चूक म्हणू नका, मांडणी बदला. आलेख झाल्यावर 'जास्त कुठली?' आधी, 'कितीने जास्त?' नंतर, तेही फक्त मोठ्या शिशूला.

हे सगळं करताना पंखा बंद. सांगायची गरज नाही असं वाटतं, पण प्रत्येक नव्या ताईचा पहिला आलेख पंखाच उधळतो.

खडू घासून छाप

छापासाठी सुकलेलं पान नको, कुस्करतं. एक-दोन दिवसांपूर्वी पडलेलं, अजून लवचीक असलेलं पान घ्या. पालथं ठेवा, म्हणजे शिरा वर येतील. देठाशी आणि टोकाशी चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावून पान टेबलाला पक्कं करा. वर साधा झेरॉक्सचा कागद ठेवा. चित्रकलेचा जाड कागद घेतला तर शिरा उठत नाहीत. मेणखडूवरचा कागद सोलून खडू आडवा धरायचा आणि एकाच दिशेने हलक्या हाताने घासायचा. मुलं खडू उभा धरून दाबतात, तेव्हा कागद मधल्या शिरेवर फाटतो. बदामात हे हटकून होतं, म्हणून सुरुवात पिंपळाने किंवा जास्वंदीने करा.

एका वेळी पाच-सहा मुलांचाच गट बसवा. कागद पहिल्यांदा तुम्ही दाबून धरा. शिरा उमटताना बघून मुलं थबकतात, तेव्हा घाईने पुढचा कागद सरकवू नका. तेवढ्यात विचारा: 'ही मोठी रेघ कुठून कुठे जाते?' देठ, शीर, कडा, टोक हे शब्द तिथेच सांगायचे. तक्त्यावरून पाठ करून घेतलेले शब्द आठवडाभरही टिकत नाहीत.

रंगाचे ठसे

पोस्टर रंग दह्याइतका घट्ट हवा. दोन चमचे रंगाला अर्धा चमचा पाणी पुरतं, रंग मुळातच पातळ असेल तर पाणी नकोच. पातळ रंग शिरांच्या मधल्या खाचांत भरतो आणि ठशाऐवजी पानाच्या आकाराचा डाग उरतो. ब्रशपेक्षा भांडी घासायच्या नव्या स्पंजचा तुकडा बरा: त्याने टिपत टिपत पानाच्या पालथ्या बाजूला रंग लावायचा. मग पान रंगाची बाजू खाली करून कागदावर, त्यावर वर्तमानपत्राचा तुकडा, आणि मुठीने मधून कडेकडे दाबायचं. उचलताना देठ धरून सरळ वर. पान घसरलं की ठसा दुहेरी उमटतो.

आंबा, फणस यांच्या पानांवर मेणचट थर असतो, रंगाचे थेंब होऊन ओघळतात. अशी पानं भांडी घासायच्या साबणाच्या एका थेंबाने पुसून, धुऊन, कोरडी करून घ्या. एका पानाचे तीन-चार ठसे चांगले येतात. दुसरा ठसा बहुतेक वेळा पहिल्यापेक्षा सुबक येतो, म्हणून प्रत्येकाला दोन कागद द्या.

चिकटकामात गोंद पानाला लावायचा नाही, कागदाला लावायचा. सुकं पान गोंद लावताना मोडतं. बाटली मुलाच्या हातात देण्याऐवजी झाकणात थोडासा गोंद आणि बोट, एवढं पुरतं. पानांचा हत्ती, पानांचा मोर असे नमुने फळ्यावर लावून सगळ्यांकडून तेच करून घ्यायचा मोह होईल. पंचवीस सारखे मोर पालकांना आवडतात, पण ते मोर ताईंनीच केलेले असतात. मुलांना पानं द्या आणि काय झालं ते विचारा.

दाबून सुकवणं

पान वर्तमानपत्राच्या चार-चार घड्यांत, एकावर एक न येता. वर पाट, पाटावर जुन्या वह्यांचा गठ्ठा किंवा कागदात गुंडाळलेल्या विटा. पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी कागद बदला. हे टाळलं की बुरशी धरते, मुंबईच्या दमट हवेत तर नक्कीच. पिंपळ चार-पाच दिवसांत, बदाम आठ-दहा दिवसांत तयार. वाकवल्यावर पान थंड आणि मऊ लागलं तर अजून ओलं आहे. इस्त्रीने लवकर होतं, दोन कागदांच्या मध्ये कमी आचेवर, पण ते मुलं घरी गेल्यावर.

पिंपळाच्या पानाची जाळी करायची असेल तर तीन-चार आठवडे हाताशी हवेत. पानं झाकणाच्या बादलीत पाण्यात बुडवून ठेवायची, दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदलायचं. गर सडून सुटा होतो, मऊ टूथब्रशने हळूच काढला की शिरांची जाळी उरते. वास येतो, आणि तो येणारच. झाकण आणि पाणी बदलणं मात्र वासासाठी नाही, डासांसाठी आहे. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास होतात. गर काढण्याचं काम तुमचं, मुलांनी जाळीतून उजेडाकडे बघायचं.

दोन प्रयोग

पहिला एका सकाळी होतो. कुंडीतल्या जास्वंदीला आदल्या दिवशी भरपूर पाणी घाला. सकाळी उन्हातल्या एका पानांच्या फांदीवर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी चढवून तोंड दोऱ्याने बांधा. शेजारी एका काडीवर तशीच रिकामी पिशवी बांधा. तास-दोन तासांनी पानांच्या पिशवीत आतून धुकं आणि थेंब दिसतात, रिकामीत नाही किंवा नावापुरते. रिकामी पिशवी विसरलात तर चलाख मूल म्हणेल, 'ताई, तुम्हीच पाणी टाकलंत.' प्रयोग झाला की पिशवी लगेच काढा, उन्हात पानं भाजतात. 'झाड पाणी वाचवतं' हे वाक्य आता मुलांना पटतं, तोवर ते नुसतं ऐकलेलं असतं.

दुसरा लांबतो. दोन कुंड्या, ओलसर माती. एकीत बदामाचं सुकं पान, दुसरीत वेफर्सचं रिकामं पाकीट, दोन्ही चार बोटं खोल. खुणेला आइस्क्रीमच्या काड्या. आठवड्यातून दोनदा पाणी. दर दोन आठवड्यांनी उकरून बघा, दाखवा, परत पुरा. बदामाचं पान जाड असल्याने वेळ घेतं. जानेवारीत सुरू केलं तर मार्चअखेर ते काळं, भुसभुशीत, कडांनी खाल्लेलं दिसतं आणि पाकीट जसंच्या तसं. मधेच कंटाळून रोज उकरू नका.

खेळ

पाचोळ्यात उड्या मारायला ढीग हवा, तो आपल्याकडे क्वचित मिळतो. मोठं घमेलं किंवा प्लास्टिकचा टब चालतो. पाचोळा आधी दोन तास कडक उन्हात पसरा, मुंग्या-कोळी निघून जातात. दमा असलेलं मूल वर्गात असेल तर हा खेळ बाहेर, मोकळ्या हवेत, आणि पाचोळ्यावर पाण्याचा हलका फवारा मारून. चिमट्याने पानं उचलून वाटीत टाकणं, चुरा करून गाळणीतून गाळणं, यातून बोटांना भरपूर काम मिळतं.

तोरण हा बोटांचा आणखी चांगला व्यायाम. भिंतीला मुलांच्या छातीच्या उंचीवर सुतळी ताणून बांधा. आंब्याच्या पानाचा देठाकडचा भाग सुतळीवरून दुमडायचा आणि कपड्याचा चिमटा लावायचा. हिरवं-पिवळं-हिरवं-पिवळं असा क्रम मोठ्या शिशूला द्या. चिमटा उघडणं तीन वर्षांच्या मुलाला जड जातं. सैल झालेले जुने चिमटे त्यांच्यासाठी वेगळे काढून ठेवा.

नारळाची झावळी मिळाली तर भिरभिरं, घड्याळ, पिपाणी करून दाखवा. येत नसेल तर कोकणातली एखादी आजी वर्गात सापडतेच, तिला अर्ध्या तासासाठी बोलवा. पात्यातला हीर आधी काढून टाका, डोळ्याला लागतो.

आठवड्याची आखणी

सोमवारी फेरी, धुणं आणि रंगांचं वर्गीकरण. मंगळवारी स्पर्श आणि क्रम. बुधवारी खडूचा छाप. गुरुवारी लाद्यांवरचा आलेख, त्यासाठी जपून ठेवलेली सोमवारचीच पानं चालतात, रंग मळला असेल तर आकाराचा आलेख करा. शुक्रवारी ठसे, कारण रंग सांडल्यावर शनिवार-रविवार फरशी धुवायला मिळतो. पिशवीचा प्रयोग ज्या दिवशी ऊन चांगलं त्या दिवशी. दिवसाला एकच कृती, तीस-चाळीस मिनिटं. एकाच दिवशी तीन गोष्टी उरकल्या तर मुलांना एकही आठवत नाही.

नोंद ठेवायची तर प्रत्येक मुलासाठी एक ओळ: त्याने पानं कशावरून वेगळी केली, कोणता नवा शब्द आपणहून वापरला. सुबक ठसा आला की नाही, ही नोंद नको.

उरलेली पानं शाळेच्या कुंड्यांत आच्छादन म्हणून घाला किंवा ओल्या कचऱ्यात द्या. शेकोटी नको, मुंबईत उघड्यावर कचरा जाळायला मनाई आहे. दाबून सुकवलेली चांगली पानं पुढच्या वर्षासाठी ठेवायची असतील तर एप्रिलमध्येच, हवा दमट होण्याआधी, कोरड्या कागदांत घालून घट्ट झाकणाच्या डब्यात बंद करा. सोबत कडुनिंबाची पूर्ण सुकलेली पानं ठेवा. डांबराच्या गोळ्या नकोत, मुलं त्या गोळ्या तोंडात घालतात. जूनमध्ये शाळा उघडल्यावर पावसात डबा उघडून बघण्याचा मोह टाळा, आतल्या पानांना दोन दिवसांत बुरशी येते.